सात किलोंत कच्छ

प्रवासाला जितके दिवस लागले त्यापेक्षा जास्त दिवस मला सॅक निवडायला लागले, हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. विमानाच्या पोटात सामान न टाकता ज्यांना जाऊन यायचंय त्यांना हे लिहिलेलं उपयोगी पडेल. आणि ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांनी अक्कांसाठी वाचावं.

बीड

मी पालीच्या महिला दूध संस्थेची सचिव. अक्का आमच्या अध्यक्षा. साठी ओलांडलेल्या, नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घराणं शेळ्यामेंढ्या राखणारं, त्यामुळे माणसापेक्षा जनावराचं दुखणं त्यांना आधी कळतं. दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष होतं. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, निम्म्या म्हशी चारा छावणीत बांधलेल्या, आणि सकाळच्या संकलनाला कॅन भरण्याआधी रांग संपायची.

कच्छातल्या एका महिला दूध संस्थेनं बांधाबांधानं बिनकाट्याचा निवडुंग लावलाय, वैरण संपली की त्यांच्या म्हशी तोच खातात, असं आम्हाला एका शिबिरात कळलं होतं. एक पान मातीत उभं करायचं, त्याला पानावर पानं फुटत जातात. आम्ही संस्थेच्या मागं जागा केली, कुंपण घातलं आणि पानं मागवली. पहिलं पार्सल उघडलं तर आत काळा चिखल. दुसरं उघडलं, तेही तसंच. दोन्ही वेळा आम्ही बैठकीत सर्वानुमते ठराव करून कळवलं होतं की पानं ओल्या गोणपाटात गुंडाळावीत आणि वर प्लास्टिक बांधावं. तिकडच्या बायकांनी अगदी तसंच केलं होतं.

"अक्का, लोणचं मुरलं का वो?" आमच्या सभासद शांताबाई रोज विचारायच्या.

पुढच्या बैठकीत ठरलं, आणखी एकदा बघायचं. याही वेळी पानं जगली नाहीत तर कुंपण काढायचं आणि ती जागा कॅनच्या शेडला द्यायची. अक्का उठून म्हणाल्या, "आता पार्सल न्हाई. मी सोता जाऊन आणते." तेवढ्यात कच्छच्या संस्थेकडून मेळाव्याचं आमंत्रण आलं आणि सोबत दोन तिकिटं. संभाजीनगरहून मुंबई, मुंबईहून भूज. तिकिटं फक्त हातातल्या सामानाची होती. माणशी एक डाग, सात किलो. मला तेच हवं होतं. पोटात टाकलेली बॅग कोण कशी फेकतो हे आपण बघत नाही, आणि पानं मऊ असतात.

म्हणून बीडच्या बाजारात मी मापाची टेप घेऊन गेले. संस्थेचा छोटा वजनकाटाही पिशवीत टाकला होता. सॅक बघताना मी या क्रमानं बघते. आधी रिकाम्या सॅकचं वजन. काही सॅका रिकाम्याच दीड-दोन किलोच्या असतात, म्हणजे घरातून निघण्याआधीच पाव वाटा गेला. मग ती वरून उघडते की सुटकेससारखी पूर्ण पसरते. वरून उघडणाऱ्या सॅकमध्ये हवी ती वस्तू कायम तळाशी असते. आतलं अस्तर फिकं हवं, काळ्या अस्तरात काळं काही सापडत नाही. चाकं नकोत. छातीवर आणि कमरेवर बांधायचा पट्टा हवा, कारण ओझं खांद्यानं नाही, कमरेनं उचलायचं असतं.

दुकानदार माझी टेप बघून आधीच कंटाळला होता. काटा बाहेर काढल्यावर त्यानं पोराला चहा सांगितला, स्वतःसाठीच.

अक्का दाराशी बसून होत्या. "मला कावून पायजे सॅक? पाठीवर मी करडं वाह्यलीत. गाठोडं बांधते की."

"गाठोडं विमानात वरच्या कप्प्यात उघडलं तर खालच्याच्या डोक्यावर धपाटी पडतील, अक्का."

"खाईल की तो."

शेवटी निळी सॅक त्यांच्या पाठीवर चढवली, पट्टे आवळले. अक्का रस्त्यापर्यंत गेल्या, वळल्या, दोनदा खांदे उडवून बघितले.

"मावशी, शाळंत चाललाव का?" दुकानदारानं विचारलं.

"व्हय. पैलीला. तुझी पोरगी हाय ना वर्गात, तिच्या शेजारी बसते." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "घे ही. हात मोकळं ऱ्हात्यात."

हात मोकळे राहतात, हे माझ्या यादीत नव्हतं. मी ते सगळ्यात वर लिहिलं.

संभाजीनगर

घरी दोन्ही सॅका, अक्कांची निळी आणि तशीच घेतलेली माझी, मी प्रत्येकी साडेतीन किलोंत बसवल्या. दोन साड्या, एक अंगावर एक आत, टॉवेलऐवजी पंचा, साबणाची अख्खी वडी नाही, मोडून अर्धी. कपडे घडी न घालता गुंडाळायचे म्हणजे सुरकुत्याही कमी आणि जागाही कमी. उरलेली जागा निवडुंगासाठी.

निघायच्या सकाळी मात्र संस्थेच्या दारात सगळ्या सभासद उभ्या. कुणी धपाटी आणली, कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी खारवलेल्या कैऱ्या. आमच्याकडं प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पिशवीत काहीतरी टाकल्याशिवाय बाईला चैन पडत नाही, आणि दुष्काळात तर ती जास्तच टाकते. कैऱ्या मी परत केल्या, बरण्यांना विमानात थारा नाही. धपाटी अक्कांनी जुन्या लुगड्याच्या एका लांबलचक धडप्यात बांधून घेतली. शांताबाईंनी सगळ्यांच्या शेवटी एक नारळ पुढं केला. "तिथल्या रानात फोडा. तिथल्या मातीला कळू द्या, नीट द्या म्हणावं."

लोणच्यावरून चिडवणाऱ्या बाईचा नारळ. तो कसा नाकारणार?

विमानतळावर माझ्या सॅकनं सामानाचं माप बघायच्या लोखंडी चौकटीत असा अलगद प्रवेश केला की मी दोनदा घालून काढून बघितली. मग तपासणीच्या यंत्रात अक्कांची सॅक थांबली. पडद्यावर गोल, काळा, भरीव गोळा. जवानानं नारळ काढून हातात धरला.

"माताजी, नारियल अंदर नहीं जाएगा."

"कावून? नारळच हाय. हालवून बघ, पाणी वाजतंय."

"वो ठीक है. पर साबुत नारियल हाथ में नहीं ले जा सकते. लगेज में डालिए."

लगेज आमच्याकडं नव्हतंच, त्यासाठी तर मी एवढी धडपड केली होती. मला वाटलं, अक्का वाद घालतील. त्यांनी नारळ घेतला आणि सरळ बाहेर चालू लागल्या. मी मागं. दाराबाहेर पायरीच्या कडेवर त्यांनी तो एका फटक्यात फोडला, पाणी ओंजळीत धरून मला पाजलं, आणि खोबऱ्याचे तुकडे रिक्षावाल्यांना, झाडू मारणाऱ्या बाईला, दाराशी उभ्या शिपायाला वाटले. एक तुकडा मुठीत ठेवून त्या पुन्हा रांगेत आल्या आणि तो तपासणीच्या जवानाच्या हातावर ठेवला. "शांताला सांगू, माती हिथूनच सुरू हुतीय."

जवानानं इकडंतिकडं बघून तुकडा खिशात टाकला.

विमानात अक्कांना खिडकी मिळाली. वर गेल्यावर बराच वेळ त्या खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "वरनं बघितलं तर सगळीकडंच आपल्यासारखं वाळलेलं दिसतंय. मंग खाली आमालाच का वाटतं आमी एकलेच हाव?"

कच्छ

भूजपासून तासाभरावर यजमानांचं गाव. जमीन आमच्यापेक्षा सपाट, माती फिकी, जणू कुणी तिच्यात पीठ मिसळलंय. आमच्याकडं बालाघाटाच्या टेकड्या निदान वारा अडवतात तरी; इथं वारा कुठूनही येतो आणि कुठंही जातो. बाभळी मात्र ओळखीच्या. त्या बघून अक्का खुश झाल्या, जणू माहेरचं कुणी भेटलं.

तिथल्या संस्थेच्या प्रमुख जीवीबेन. काळी जाड ओढणी, हातभर पांढऱ्या बांगड्या, आवाज असा की चार वाड्यांपलीकडची म्हैस वळून बघेल. त्यांना मराठी येत नाही, अक्कांना गुजराती येत नाही, आणि माझ्या तोडक्यामोडक्या गुजरातीच्या भरवशावर मला दुभाषी म्हणून नेलं होतं. पहिल्या तासानंतर माझं काम संपलं. दोघी गोठ्यात म्हशीच्या कासेजवळ बसल्या होत्या, बोटं दाखवत, मान हलवत. जीवीबेन काहीतरी म्हणाल्या, अक्का म्हणाल्या "व्हय व्हय, आमच्यात बी तसंच," आणि दोघी हसल्या. काय ते मला अजून कळलेलं नाही.

जेवायला बाजरीचा रोटला, हातावर थापलेला, आमच्या भाकरीच्या दुप्पट जाड, त्यावर पांढरं लोणी, भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि ताकाचा मोठा लोटा. आमच्याकडं भाकरीबरोबर ठेचा लागतोच. इथं गूळ लागतो. अक्कांनी आमची चटणी पुढं केली. जीवीबेननी एक चिमूट चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी एक चिमूट घेतली. चहा बशीतून पितात, आणि बशी रिकामी दिसली की भरतात. थांबवायचं तर बशी पालथी घालायची, हे मला चौथ्या बशीनंतर समजलं.

मेळावा दुसऱ्या दिवशी झाला. भाषणं मी टिपून घेतली आहेत, पण इथं लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ज्यासाठी आलो होतो ते बघायला निघालो.

बांधाच्या कडेनं निवडुंग उभा होता, माणसाच्या छातीपर्यंत. हिरवी, जाड, तळव्याच्या आकाराची पानं, आणि खरोखरच काटा नाही. अक्का एक-एक पान दाबून बघत चालल्या होत्या. एका म्हशीनं मान लांब करून एक पान ओढलं आणि कचकच खाल्लं. कडेनं पाणी गळालं. चहूकडं फुफाटा आणि म्हशीच्या तोंडातून पाणी. अक्का जागेवर थांबल्या.

मग त्यांनी मला विचारायला सांगितलं होतं ते मी विचारलं. आमची दोन्ही पार्सलं का सडली?

जीवीबेननी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं गुजराती चुकली. "तमे ज कह्युं हतुं." तुम्हीच सांगितलं होतं, ओलं गोणपाट. त्यांच्या बायकांनी तेव्हाच एकमेकींना विचारलं होतं की बीडच्या बायकांना हे झाड मारायचंय का. पण पाहुण्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून बांधलं. हे झाड पाण्यानं मरतं, त्या म्हणाल्या. पान कापायचं, सावलीत ठेवायचं, कापलेली जागा सुकून घट्ट होऊ द्यायची, कोरड्या मातीत लावायचं आणि काही दिवस त्याच्याकडं बघायचंही नाही. "पाणी पीवडावशो तो मरी जशे."

अक्कांनी आधी तोंडाला पदर लावला. मग खांदे हलायला लागले. हसत हसत त्या बांधावरच बसल्या. "सुनंदे, ऐकलंस का? टँकरचं पाणी राखणाऱ्या आमच्या बायकांनीच गोणपाट भिजवाया सांगितलं. सर्वानुमते."

मलाही हसू आवरेना. आमच्याकडं कुठलंही रोप कुणाला दिलं की मुळाला ओला चिंधीचा गोळा बांधून देतात. ज्याच्याकडं पाणी कमी, तो पाणीच जपून देतो. याच्यापलीकडं माया कशी दाखवायची हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

भूजचं विमानतळ

कापून सुकवलेली पानं जीवीबेननी आधीच सावलीत मांडून ठेवली होती. माझा हिशोब तेवढ्याच पानांवर बसवलेला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून, पुस्तकांसारखी उभी. पण निघायच्या दिवशी एकेक बाई येऊ लागली. प्रत्येकीच्या हातात आपल्या बांधावरचं एक पान, तेही सुकवलेलं. एकीचं घेतलं आणि दुसरीचं नाही घेतलं, असं तिथंही चालत नाही. जीवीबेन दारात उभ्या राहून ज्या त्या पानाची मालकीण सांगत होत्या आणि अक्का प्रत्येकीच्या हाताला हात लावून पान घेत होत्या.

मी सॅक रिकामी करत गेले. जादा साडी जीवीबेनच्या सुनेला दिली, तिला रंग आवडला होता. चपलेचा दुसरा जोड, पंचा, छत्री, सगळं गावात राहिलं. डबा राहिला. पानं सगळी बसली. सॅकचं पुढून पूर्ण उघडणं इथं कामाला आलं. एकही पान दुमडावं लागलं नाही, प्रत्येक दोन पानांच्या मधे कोरडा कागद आणि वारा.

बसली खरी, पण काट्यावर चढल्यावर कळलं. येताना आमच्या सॅकांचं कुणी वजन केलं नव्हतं. भूजला केलं. खिडकीवरचा मुलगा सभ्य होता. "मैडम, दोनों में वज़न ज़्यादा है. एक बैग नीचे दे दीजिए. मुंबई में मिल जाएगा."

"नीचे नहीं देना है."

"तो कम करना पड़ेगा."

अक्कांनी माझ्या दंडाला धरलं. "पोटात न्हाई. शांता दारात उभी ऱ्हाती आन् मी परत चिखल दावती, तसं न्हाई व्हनार. काय कमी करायचं ते कर, पान सोडून."

कमी करायला पानांशिवाय काही उरलं नव्हतं. मी बाजूच्या बाकावर सॅक उघडून बसले. मागं रांग लागली होती. सॅकचं वजन होतं, प्रवाशाचं होत नाही. हे मला दिसत होतं, पण प्रवासी पानं कुठं ठेवणार? तेव्हा अक्कांच्या सॅकच्या तळाशी तो धडपा दिसला, धपाटी बांधलेला, आता रिकामा.

माझं माहेर चौसाळ्याकडचं. शाळा सुटली की मी आईबरोबर कापूस वेचायला जायची. वेचणारी बाई कमरेला धडप्याची ओटी बांधते, दोन टोकं मागं गाठलेली, दोन पुढं वर खोचलेली, आणि दोन्ही हातांनी वेचत ओटीत टाकत जाते. मी उभी राहिले, धडपा मधोमध फाडला, अर्धा कमरेला बांधला. इतक्या वर्षांनी बोटांना गाठ बरोबर आठवली. पाच-सहा पानं कागदासकट ओटीत सोडली.

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. "अगं, सचिवबाई. कापूस येचाया निघालीस का?"

"हा उरलेला अर्धा तुमचा. कंबर इकडं करा."

"माझ्या वयाला लोकं काय म्हंतील?" असं म्हणत त्यांनी हात वर केले. त्यांची ओटी बांधून झाली तेव्हा त्या पोटावर हात ठेवून रांगेतल्या बायकांकडं वळल्या. "सातवा हाय," त्यांनी गंभीरपणे सांगितलं. कुणाला भाषा कळली नाही, अर्थ सगळ्यांना कळला. खिडकीवरचा मुलगा खाली बघून हसत होता. दोन्ही सॅका सात किलोंच्या आत आल्या, माझी तर थोडी हलकीच. त्यानं दोन चिठ्ठ्या लावल्या आणि हात जोडले.

तपासणीला पानं ट्रेमध्ये मांडावी लागली, भाकऱ्यांच्या चवडीसारखी. तपासणारी जवान मुलगी हरियाणाची. तिनं पान उलटसुलट केलं.

"आंटी, ये क्या है?"

"भैंस खाती है," मी म्हटलं.

"दूध बढ़ता है?"

"दूध बंद नहीं होता," अक्का आपल्या हिंदीत म्हणाल्या. "सूखे में."

मुलीनं पान अलगद परत ठेवलं. "मेरी माँ के पास दो हैं," ती म्हणाली, आणि पुढच्या ट्रेकडं वळली. अक्कांनी ओटीतलं एक पान काढून तिला देऊ केलं. ड्युटीवर घेता येत नाही, तिनं सांगितलं. पण झाडाचं नाव मात्र कागदावर लिहून घेतलं.

मी सुचवलं की आता पानं परत सॅकमध्ये घालू. अक्कांनी ऐकलं नाही. मुंबईत पुन्हा काटा असला तर? विमान उडताना तेवढी ओटी वरच्या कप्प्यात ठेवायला त्या तयार झाल्या, तेही हवाई सुंदरीनं ती दोन्ही हातांनी अलगद उचलून ठेवली म्हणून.

पाली

संस्थेच्या दारात शांताबाईच पहिल्या. "लोणचं?"

 अक्कांनी संकलनाच्या टेबलावर सॅक आडवी ठेवली आणि चेन पूर्ण फिरवली. सॅक पुस्तकासारखी उघडली. हिरवी, कोरडी, कडक पानं, एकाला एक टेकून. शांताबाईंनी एक उचललं, नखानं टोचलं, नाकाला लावलं. मग दुसरं. एकेक करत सगळी तपासली.

"आन् माझा नारळ?"

"संभाजीनगरला फोडला. पोलिसानं खाल्ला."

लागवड त्याच संध्याकाळी झाली. अक्कांनी पाण्याची गोष्ट सांगितली, बायका हसल्या, आणि पाणी घालू नये असा नवा ठराव झाला, पुन्हा सर्वानुमते. पण सकाळी कॅन धुवायला आले तर एका पानाच्या बुडाशी ओल्या मातीचं कडं. कुणी घातलं, कुणी कबूल करेना. घरी तांब्याभर पाणी मोजून वापरणाऱ्या बायका, पण तहानलेलं झाड बघवत नाही. अक्कांनी ओली माती उकरून कोरडी टाकली आणि पुढचे काही दिवस काठी घेऊन कुंपणाशी बसल्या. पाणी घेऊन येणाऱ्यांना हाकलत होत्या. त्यात एकदा मीही होते.

पहिलं नवं पान एका दुपारी दिसलं, जुन्याच्या कडेवर, करंगळीच्या नखाएवढं, पोपटी. शांताबाईंनीच ओरडून सांगितलं. कुंपण अजून उभं आहे, शेड दुसरीकडं झालं. दुष्काळ त्यानं संपला नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात छावणीला जाणाऱ्या म्हशींतल्या काही दारातच राहिल्या, आणि त्यांच्या तोंडातून पाणी गळताना बघायला लहान पोरं जमायची.

सॅका आता संस्थेच्या खिळ्यावर टांगलेल्या असतात. ज्या सभासदाला लागेल ती नेते. गेल्या महिन्यात चौसाळ्याच्या संस्थेनं पानं मागितली, तेव्हा निळी सॅक मी आणि अक्कांनी भरली. कापून, सावलीत सुकवून, कोरड्या कागदात, उभी. एसटी आली. कंडक्टरनं सॅक बघून मागं बोट दाखवलं.

"म्याडम, डाग डिकीत टाका."

अक्का आधीच वर चढून बसल्या होत्या, सॅक मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती.

"ह्यो डाग पोटात जात न्हाई," त्या म्हणाल्या. "मार घंटी."